भाड्याचा आराम

ऐका बरं, फार म्हणजे फारच जुनी गोष्ट आहे. एका गावात मुकुंदशेठ नावाचे गुळाचे व्यापारी होते. बरकत अशी की वखारीत गूळ मावत नसे. पण शेठच्या पोटात कसलंसं दुखणं शिरलं. गुळपोळी राहिली बाजूला, साधी भाकरीही पचेना. चांदीच्या ताटात रोज आपली पातळ पेज! बायको म्हणे, "जळली मेली ती चांदी! माणसाला घासभर जेवता येईना."

वैद्यबुवांनी नाडी पाहिली. "शेठ, चाळीस दिवस अंथरुणात पडून राहा. धावपळ नको, चिंता नको. नाही ऐकलंत, तर जन्मभर पेजच!"

"अहो, पण ऐन हंगाम आहे!" शेठ कळवळले.

आता शेठची एक रीत होती. पूजा असो, जप असो, दक्षिणा देऊन भटजींकडून करवून घ्यायचं आणि पुण्य आपल्या नावावर. मग आरामानेच काय घोडं मारलंय? त्यांनी रखमाजी गड्याला बोलावलं, त्याच्या हातावर पाणी घालून संकल्प सोडायला लावला आणि त्याला मऊ गादीवर झोपवलं.

रखमाजी इमानी माणूस. शेठच्या नावाने लोळला, शेठच्या नावाने घोरला. शेठ तिकडे वखारीत राबत होते. कमाई दुप्पट झाली, आणि दुखणंही.

एकेचाळिसाव्या दिवशी वैद्यबुवा आले. रखमाजीचे गाल टम्म फुगलेले, शेठचे पार आत गेलेले.

"बुवा, सगळं यथासांग केलं, मग गुण का नाही?" शेठ रडकुंडीला आले.

बुवांनी कपाळावर हात मारला. "आलाय की, रखमाजीला! आता त्याला बसवा वखारीत, आणि तुम्ही व्हा आडवे."

शेठ घाबरून आडवे झाले. रखमाजीला कुठला भाव करता येतोय! जो येई त्याला वर एक ढेप फुकट. कमाई निम्म्यावर आली. शेठ गादीवर तळमळले, पण उठले नाहीत.

चाळीस दिवस सरले. बायकोने भीतभीत चतकोर भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. शेठनी खाल्ली. पोट गप्प! त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अगं, अजून वाढ! लोक म्हणतात, शेठचा हंगाम बुडाला. खुळे आहेत लेकाचे!"

तर पोरांनो, आणि थोरांनो तुम्हीही: शरीर धड असेल, तरच कमाईला चव येते.