कोल्ह्याने राखून ठेवलेला धोका

कवठांच्या एका दाट जंगलात एक म्हातारी हत्तीण राहत असे. झाडपाल्याची तिला मोठी जाण, म्हणून आजारी जनावरं लांबलांबून तिच्याकडे येत. शेवटी तिने एका जांभळाखाली त्यांच्यासाठी दवाखानाच थाटला. मदतीला तिघे होते. माकड पाणी आणि काढे भरून ठेवी, साळुंकी अशक्तांना घास भरवी आणि कोल्हा औषधं पाजी. कोल्हा कामात चोख होता. फक्त दुसऱ्या कुणाला शाबासकी मिळाली की त्याच्या पोटात दुखू लागे, आणि त्या दुखण्यावर हत्तिणीकडेही औषध नव्हतं.

एकदा दवाखान्याच्या वाटेवरच घसरून एका हरणाचा पाय मोडला. बरं व्हायला आलेलं जनावर आपल्याकडे येऊन लंगडं झालं, याचं हत्तिणीला फार वाईट वाटलं. ती तिघांना म्हणाली, "मी ही एवढी उंच, मला पायाखालचं दिसत नाही. आजाऱ्यांच्या उशाशी दिवसभर तुम्ही असता. कुठे कुणाला इजा होईल असं वाटलं, तर मला सांगत जा. चूक कुणाची का असेना, मी रागावणार नाही." रोज सकाळी जांभळाखाली जमून हे बोलायचं ठरलं. आजाऱ्यांचे नातेवाईकही ऐकायला येऊन बसू लागले.

पहिल्याच सकाळी साळुंकी म्हणाली, "ओढ्याकडच्या वाटेवर शेवाळ साचलंय. हरीण तिथेच घसरलं. म्हातारी सांबरीणसुद्धा तिथूनच पाण्याला जाते." माकडाने लगेच वाटेवर वाळू टाकली. हत्तिणीने सगळ्यांसमोर साळुंकीच्या पाठीवरून सोंड फिरवली. सांबरीण तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "साळुंकी होती म्हणून माझी हाडं शाबूत आहेत."

कोल्ह्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आणि मुलांनो, गंमत अशी की ते शेवाळ कोल्ह्यानेही पाहिलं होतं, तेही साळुंकीच्या आधी. पाहिलं आणि उडी मारून पलीकडे गेला. आता मात्र त्याला वाटू लागलं, की आपल्या तोंडचा घास साळुंकीने पळवला. ती गाऊ लागली की तिचा आवाज त्याला कर्कश वाटे. आजारी ससे तिला पाहून हसले की तो मान फिरवी. "मुठीएवढा जीव आणि रुबाब केवढा," असं तो जेवतानाही पुटपुटे. साळुंकी बिचारी रुबाब वगैरे काही करत नव्हती. ती आपली घास भरवत होती.

त्यातच कोल्ह्याच्या पिल्लाला खोकला झाला. एकुलतं एक पिल्लू, त्यामुळे कोल्ह्याचा जीव टांगणीला लागला. त्याने त्याला दवाखान्यात आणून निजवलं आणि तो स्वतःच्या हाताने त्याला अडुळशाचा काढा पाजू लागला.

एके दुपारी कोल्हा काढा घ्यायला औषधं ठेवायच्या कपारीपाशी गेला. माकड तिथे काढ्याची वाटी भरायला आलं होतं आणि भलत्याच वाटीत काढा ओतणार होतं. कपारीत दोन वाट्या शेजारी शेजारी होत्या. दोन्ही कवठं पोखरून केलेल्या, दोन्हींत हिरवट काळं पाणी. एकीत अडुळशाचा काढा होता. दुसरीत खरजेवर लावायचं कण्हेरीचं पाणी होतं, जे पोटात गेलं तर विष. माकडाने वेळेवर वास घेतला, जीभ चावली आणि काढा बरोबर वाटीत ओतून ते निघून गेलं.

कोल्ह्याला धोका लख्ख दिसला. एक वाटी पंजाने लांब सरकवली असती, तर तिथेच काम झालं असतं. पण मग ते कुणाला कळणार? हत्तीण ओढ्यावर गेली होती आणि आजारी सगळे डोळे मिटून पडले होते. "उद्या सकाळी सगळे जमले की सांगू," कोल्हा मनाशी म्हणाला. "वाट्या जागच्या जागीच दाखवू. मग कळेल साळुंकीला, तिचं शेवाळ कुठे आणि माझं विष कुठे." वाट्या तशाच राहिल्या. आपल्या पिल्लाची त्याला काळजी वाटली नाही, कारण त्याला औषध तो स्वतःच पाजत होता.

दुसऱ्या दिवशी अगदी पुढची जागा मिळावी म्हणून कोल्हा उजाडताच जांभळाखाली जाऊन बसला. शेपटी चाटूनपुसून झुपकेदार केली होती, बोलायचं ते पाठही केलं होतं. इकडे पिल्लू खोकून खोकून बेजार झालं. घास भरवायला आलेल्या साळुंकीला ते बघवेना. "थांब हं बाळा, बाबा येईपर्यंत मीच देते औषध," असं म्हणून तिने कापसाचा बोळा कपारीतल्या वाटीत बुडवला आणि त्याच्या तोंडात पिळला.

सभा भरली. कोल्हा घसा खाकरून उभा राहिला, तेवढ्यात माकड पिल्लाला छातीशी धरून धावत आलं. पिल्लाच्या तोंडाला फेस आला होता आणि अंग गार पडत चाललं होतं. मागोमाग साळुंकी आली. "मी अडुळसाच दिला हो, खोकत होतं म्हणून दिला," असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. हत्तिणीने पिल्लाच्या छातीला सोंड लावली. "कफ दाटलेला दिसतो," ती म्हणाली. "आणखी काढा द्या आणि निजू द्या."

काय झालं ते एकट्या कोल्ह्याला कळलं. खोटं कशाला सांगू, साळुंकीची आता चांगली नाचक्की होणार, हा विचार त्या वेळीही त्याच्या मनाला चाटून गेला. मग पिल्लाने डोळे फिरवले.

"काढा नको," कोल्हा कळवळून म्हणाला. "त्याच्या पोटात कण्हेरीचं पाणी गेलंय. वाट्या सारख्याच आहेत आणि शेजारी शेजारी आहेत."

"तुला कसं ठाऊक?" हत्तिणीने विचारलं.

"कालच पाहिलं. माकडाचीही चूक होता होता राहिली."

"मग कालच का नाही सांगितलंस?"

सगळं जंगल जमलं होतं आणि सगळ्यांचे कान कोल्ह्याकडे लागले होते. त्याने मान खाली घातली. "सगळ्यांसमोर सांगायचं होतं," तो म्हणाला. "साळुंकीला मिळाली तशी शाबासकी मला हवी होती."

हत्तिणीने गेळफळ उगाळून पिल्लाला पाजलं, भडाभडा ओकवलं आणि ती त्याच्यापाशी बसून राहिली. माकडाने न सांगता कण्हेरीची वाटी लांबच्या झाडाच्या ढोलीत नेऊन ठेवली. दुपारी पिल्लाचं अंग ऊबदार झालं, तेव्हा हत्तीण तिघांना म्हणाली, "माझंही चुकलं. सकाळपर्यंत थांबायची सवय मीच लावली. यापुढे काही दिसलं, की त्याच क्षणी हाक मारायची आणि आधी धोका दूर करायचा. कौतुक मागाहून होईल, किंवा राहील."

पिल्लाने डोळे उघडले. कोल्हा त्याला पाणी पाजू लागला. पिल्लाने दोन घोट घेतले आणि बापाकडे पाहत विचारलं, "बाबा, मावशीने मला औषध दिलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"



तात्पर्य : धोका दिसताच सांगावा; शाबासकीसाठी राखून ठेवलेला धोका आधी कुणाच्या घरी पोहोचेल, याचा नेम नसतो.