दोन वारांच्या मधे

फार मागे, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात लढाईच्या खेळाचे पत्ते नांदत होते, तेव्हाची गोष्ट. एके दिवशी तिथे कोरा करकरीत गरुड आला. त्याच्यावर लिहिलं होतं, ‘वार पाच. उडतो, म्हणून फक्त उडणाराच याला अडवेल.’ शेजारी कडा झिजलेले कासवआजोबा होते. त्यांच्यावर लिहिलं होतं, ‘वार शून्य. फक्त अडवतो.’

“शून्य वारावर तुम्ही लढता तरी कसे, आजोबा?” गरुडाने विचारलं.

“उभा राहतो, बाळा. वार करून आलेला पत्ता आडवा होतो. आपली पाळी पुन्हा येईपर्यंत तो कुणालाच अडवू शकत नाही.”

नव्या पत्त्याला ऐकायला सवड कुठली! डाव मांडला गेला. दोन्ही बाजूंना दहा-दहा प्राण होते. गरुड समोरच्या बाजूच्या रानडुकराच्या डोक्यावरून झेपावला आणि त्या बाजूचे पाच प्राण घेऊन आला. आला तो आडवाच झाला. मग दहा वारांचं ते रानडुक्कर धावून आलं. गरुडाला पंखही हलवता येईना. गरुडाची आणि आजोबांची बाजू संपलीच म्हणायची!

तेवढ्यात कासवआजोबा पुढे झाले. ती धडक त्यांनी पाठीवर घेतली आणि ते डावातून बाद झाले. पुढच्या पाळीला गरुड उठला, पुन्हा झेपावला आणि डाव जिंकला.

डब्यात परतल्यावर एकच गलका झाला, “गरुडाने जिंकलं!”

गरुड सरकत सरकत आजोबांच्या झिजलेल्या कडेला जाऊन टेकला.

“दोन वार माझे खरे,” तो म्हणाला. “पण त्या दोन वारांच्या मधे कोण उभं होतं, ते विचारा.”