फौजदाराच्या दारात झाकलेलं पाऊल

आपल्या पणजोबांच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा या आडबोरी गावावर संस्थानिकांचा अंमल होता, नदीला बारा महिने पाणी होतं, आणि माणसं एकमेकांना जितकी चेहऱ्यावरून ओळखत तितकीच पावलांवरून ओळखत. त्या काळी इथं बयजा नावाची एक बाई राहत होती. ती माग काढायची.

माग काढणं म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. चोर गेला की जमिनीवर त्याचं पाऊल राहतं. ते वाचत वाचत चोरापर्यंत जायचं. बयजाच्या घरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतं. तिला भाऊ नव्हता, म्हणून बापानं तिलाच शिकवलं. बाईमाणूस माग काढणार म्हणून आधी गावानं नाकं मुरडली. मग तिनं एका पावलाकडं बघून सांगितलं की हा माणूस उपाशी आहे, डाव्या खांद्यावर ओझं आहे आणि चालता चालता रडतोय. माणूस सापडला तेव्हा तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. त्यानंतर नाकं सरळ झाली. कातळावर पाऊल उमटत नाही, पण ती कातळावर तळहात ठेवायची आणि दगड तिला सांगायचा, असं म्हणतात.

त्या वेळी चोरीची एक रीत होती. चोराचं पहिलं पाऊल दिसेल तिथं त्यावर डालगं, ती कोंबड्या झाकायची विणलेली मोठी टोपली, पालथं घालायचं, म्हणजे वाऱ्यानं, कोंबड्यांनी ते मोडू नये. मग माग काढणाऱ्यानं निघायचं. दुसऱ्या गावाची शीव आली की थांबून विचारायचं, शीव कुणाची? त्या गावानं म्हणायचं, शीव आमची. एवढं म्हटलं की माग त्यांच्या गळ्यात पडला. त्यांनी तो पुढच्या शिवेपर्यंत न्यायचा, नाहीतर चोर हजर करायचा. आमचा काय संबंध, असं म्हणायची सोय नव्हती. ही रीत कुठं लिहिलेली नव्हती, पण तिच्यापुढं पाटलांचीही मान खाली असायची.

अशात गावाच्या ठाण्यावर हैबतराव नावाचा फौजदार आला. आल्या आल्या त्यानं ठाण्याभोवती चुना फासलेले दगड मांडले आणि दवंडी पिटली की या दगडांच्या आत गाव नाही, पाटील नाही, पंच नाहीत. आतली शीव फौजदाराची. लोक म्हणाले, असेल बाबा. मग गावातली जनावरं नाहीशी व्हायला लागली. आज एक खोंड, पंधरा दिवसांनी एक म्हैस. तक्रार घेऊन गेलं की शिपाई आधी हाताकडं बघे. हातात कोंबडी असेल तर बसायला सांगे, नसेल तर उद्या या म्हणे. आणि उद्या काही उजाडत नसे.

गावानं कंटाळून थेट राजधानीला वरच्या साहेबांकडं अर्ज धाडला. महिन्याभरानं अर्ज परत आला. कोपऱ्यात साहेबांनी झोकदार अक्षरात लिहिलं होतं की फौजदारांनी चौकशी करून कळवावे. फौजदारानं चौकशी केली, स्वतःचीच, आणि फौजदार निर्दोष असल्याचं कळवलं. तुम्ही हसताय, पण त्या दिवशी गावात कुणी हसलं नाही. माणसं आपापल्या घरी गेली आणि दारं लावून बसली.

त्यानंतर इठू तेल्याच्या घाण्याचा बैल गेला. इठूला तो एकच बैल. घाणा थांबला आणि तेल्याच्या घरची चूलही थांबली. पण या वेळी चोर लगेच सापडला. नदीकाठी सटवा कैकाडी आणि त्याची बायको भागू उतरले होते. दर साल सुगीला यायचे, डालगी-कणग्या विणून द्यायचे आणि जायचे. गोठ्यापाशी जी पावलं होती ती सटवाच्या ठिगळाच्या वहाणांची होती. ठिगळ त्रिकोणी होतं आणि सगळ्या गावाला माहीत होतं. फौजदारानं सटवाला धरलं, मार मार मारलं आणि सोमवारी बेड्या घालून राजधानीच्या तुरुंगात पाठवायचं ठरवलं. त्या तुरुंगातून गरीब माणूस परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं. गावातले काही जण म्हणाले, फिरस्ती माणसं, असंच असायचं. हेही सांगितलं पाहिजे, कारण गाव काही देवमाणसांचं नव्हतं.

भागूचे दिवस भरत आले होते. ती शनिवारी पहाटे बयजाच्या दारात आली आणि नवं विणलेलं डालगं तिच्यापुढं ठेवून म्हणाली, "बाई, माझ्यापाशी द्यायला ह्येच हाय. त्येच्या वहाणा परवा ठाण्याच्या दारातनं गेल्या. फौजदारानं टोपली विणाय बोलावलं हुतं. भाईर आला तर वहाणा न्हाईत. तवापास्नं धरून न्हेईस्तोवर त्यो अनवाणी हिंडत हुता. पर कुणी आयकून घेईना."

बयजा उठली. गोठ्यापाशी जाऊन त्या पावलापुढं उकिडवी बसली आणि सूर्य कासराभर वर येईस्तोवर हलली नाही. मग ती पंचांना म्हणाली, "वहाण सटवाची हाय. पाय त्येचा न्हाई." सटवा दिवसभर उकिडवा बसून विणायचा, त्याचं सगळं वजन चवड्यावर. हे पाऊल टाचेवर रेललेलं होतं. खुर्चीत बसणाऱ्या आणि पोट सुटलेल्या माणसाचं होतं. पंच एकमेकांकडं बघायला लागले. गावात खुर्ची एकच होती.

पंच म्हणाले, बयजा, राहू दे. सांगून सांगायचं कुणाला? बयजानं ते पाऊल भागूच्या डालग्यानं झाकलं, दुसरं एक डालगं काखेत मारलं आणि निघाली.

वहाणांचा माग गोठ्याबाहेर कुणीतरी झाडून टाकला होता. तिनं बैलाचा धरला. घाण्याचा बैल जन्मभर एकाच अंगाला फिरतो, त्याचे आतल्या बाजूचे खूर झिजतात, आणि मोकळा सोडला तरी तो जरा डावीकडं ओढत चालतो. त्याच्या खुरांना गोणपाट बांधलं होतं, तरी ते डावीकडचं ओढणं काही बांधता आलं नव्हतं. माग नदीत शिरला, बयजा नदीत शिरली. माग कातळावर चढला, तिनं कातळावर हात ठेवला. म्हणतात की त्या वेळी कातळ उन्हानं तापलेला होता, पण तिचा हात जिथं जिथं पडला तिथं तो गार झाला, आणि गार जागा तेवढ्या ओलसर दिसायला लागल्या, एकापुढं एक, खुराएवढ्या. मागून येणाऱ्या लोकांनी ते डोळ्यांनी बघितलं. आधी दहा माणसं होती, मग पन्नास झाली, मग गावात दारं लावून बसलेलं कुणी उरलं नाही.

भर दुपारी माग गावाला वळसा घालून ठाण्याच्या मागच्या अंगानं आला आणि चुन्याच्या दगडांपाशी थांबला. तिथं, दगडाच्या अगदी कडेला, त्रिकोणी ठिगळाचं एक पाऊल स्पष्ट होतं. निम्मं बाहेर, निम्मं आत.

फौजदार बाहेर आला. बयजा घाबरली होती; तिनंच पुढं तसं सांगितलं. तरी तिनं पाय जमिनीत रोवल्यासारखे ठेवले आणि रीतीप्रमाणं विचारलं,

"माग आणलाय. शीव कुणाची?"

हैबतराव परक्या मुलखातला. त्याला रीत ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर तो गप्प बसला असता. पण समोर सगळं गाव उभं होतं आणि त्याला मोठेपणा मिरवायचा होता. तो छाती काढून म्हणाला, "शीव माझी. माझ्याशिवाय कुणाची नाही."

"मग माग तुमचा," बयजा म्हणाली आणि तिनं पावलावर डालगं पालथं घातलं.

गावातून एक आवाज उठला, ओरडा नव्हे, सगळ्यांनी एकदम श्वास घेतल्याचा. तो ऐकून मागच्या पडवीत बांधलेला इठूचा बैल हंबरला. फौजदार मुळीच गडबडला नाही. म्हणाला, हा बैल मी चोराकडून जप्त केला आहे, कळवायला सवड झाली नाही. बघा, केवढी हुशारी! कागद त्याचा, शिक्का त्याचा, कुलूप त्याचं.

मग त्यानं शिपायाला डालगं लाथेनं उडवायला सांगितलं. शिपाई याच मुलखातला होता. त्यानं कमरेचा पट्टा सोडून जमिनीवर ठेवला आणि बाजूला झाला. तेव्हा फौजदारानं स्वतःच बुटाची लाथ घातली. डालगं लांब जाऊन पडलं.

आणि पुढं जे झालं ते असं. फौजदारानं माघारी वळून एक पाऊल टाकलं. पायात नालाचे बूट, पण धुळीत उमटलं ते त्रिकोणी ठिगळ. दुसरं टाकलं, तेही तेच. त्यानं पाऊल बुटानं पुसलं, पुसल्या जागी दोन उमटली. बूट काढून अनवाणी चालला, तरी ठिगळ. फरशीवर गेला तर फरशीवर उमटलं, जणू ओल्या मातीतून आलाय. तो धावायला लागला आणि ठाण्याचं सगळं अंगण त्याच्या चोरीच्या पावलांनी भरून गेलं. लोकांनी हात जोडले. ते बयजाला जोडले की जमिनीला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

हैबतराव घोड्याकडं पळाला, पण घोडा त्याला पाठीवर घेईना. मग तो पायीच राजधानीकडं निघाला, वरच्या साहेबांच्या आसऱ्याला. साहेबांनी याआधी वाचवलंच होतं. अकरा कोस तो चालला आणि अकरा कोस त्याच्या मागं ठिगळाची वाट उमटत गेली. त्या वाटेवरून बयजा, तिच्यामागं आडबोरी, आणि प्रत्येक गावाच्या शिवेवर त्या त्या गावची माणसं येऊन मिळाली. कुणी घोषणा दिली नाही. नुसत्या पावलांचाच आवाज इतका होता की शेतातली पाखरं उठली, असं म्हणतात.

रविवारी सकाळी माग साहेबांच्या पायऱ्यांपाशी पोचला. साहेब बाहेर आले. त्यांनी पायऱ्यांवरची पावलं पाहिली, खांबाआड लपलेला फौजदार पाहिला, आणि समोर नजर पोचेल तिथवर माणसं पाहिली. बयजानं शेवटच्या पावलावर डालगं घातलं आणि विचारलं,

"शीव कुणाची?"

साहेब या मुलखातलेच होते. त्यांना रीत चांगली ठाऊक होती. नाही म्हणावं तर मग संस्थान कुणाचं? हो म्हणावं तर माग गळ्यात, आणि परत पाठवायला आता खाली कुणी उरलं नव्हतं. मग साहेबांनी पायातले जोडे काढले, अनवाणी पायऱ्या उतरले, डालग्याशेजारी धुळीत उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले,

"शीव आमची. माग घेतला. तो अर्ज मीच परत पाठवला होता."

हैबतरावाला त्याच्याच बेड्या पडल्या आणि सटवा सुटला. सोमवारी सटवाला तुरुंगात जायचं होतं, त्या सोमवारी तो नदीकाठी आपल्या पालात लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. ती आदल्याच रात्री झाली होती. त्या मागावरून चार कोस चालून भागू माघारी फिरली म्हणून बरं.

बयजाचं पुढं काय झालं, हे नीट कुणालाच माहीत नाही. ती म्हातारी झाली आणि एक दिवस नदीकडं गेली ती आलीच नाही. लोकांनी तिचा माग काढला. वाळूत तिची पावलं स्वच्छ होती, लहान, चवड्यावर हलकी. वाळवंटाच्या मध्यावर ती संपली. पुढं पाऊल नाही, मागं फिरल्याची खूण नाही, आजूबाजूला काही नाही. लोकांनी शेवटच्या पावलावर डालगं घातलं आणि तिथं पार बांधला. तोच बयजाचा पार.

तेव्हापासून आडबोरीत एक चाल आहे. ठाण्यावर नवा अधिकारी रुजू झाला की गाव त्याला पारावर बोलावतं, नारळ देतं, आणि ओल्या केलेल्या मातीवरून अनवाणी सात पावलं चालायला सांगतं. सातव्या पावलावर डालगं घालतात. त्याची बदली होईपर्यंत ते तिथंच असतं आणि गावातली बायामाणसं आळीपाळीनं त्याची राखण करतात. बदली झाली की डालगं उचलून सगळ्यांदेखत पाऊल बघतात. ज्यांचं पाऊल जसंच्या तसं निघतं, त्यांना गाव वेशीपर्यंत पोचवायला जातं. इतरांना कुणी काही बोलत नाही. ते एकटे जातात.

मागं एक अधिकारी आले होते. शिकलेले, तापट. बुटांची नाडी सोडायला तयार होईनात. म्हणाले, "म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

तेल्याच्या घरची एक म्हातारी पाण्याची घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "हाय की, सायेब. इश्वास हाय म्हनून तर झाकून ठिवतोय. नसता तर ठिवलंच नसतं."

साहेब खाली बसले आणि त्यांनी बूट काढले.