कच्च्या मडक्यातलं पाणी

त्या वर्षी चैत्रात विमलगिरी महाराज नांदखेडीच्या मारुतीच्या पारावर उतरले होते. पाराला लागूनच येसू कुंभाराचं घर. त्याची सहा वर्षांची ठमी तापानं फणफणत होती. धुंडीशास्त्री वैद्यांनी बजावलं होतं, "ताप उतरेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही." त्या काळी तशीच रीत होती, बाळांनो! पोरीच्या नजरेस पाणी पडू नये म्हणून येसूनं घरातली सगळी मडकी पालथी घातली. तो आणि त्याची बायको भागा आळीपाळीनं उशाशी बसत. तहान लागली की परसात जाऊन चोरून पीत आणि तोंड पुसून परत येत.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागाचा डोळा लागला. येसू आत आला आणि जागच्या जागी थिजला. ठमी सरपटत चाकापाशी गेली होती आणि सकाळीच घडवलेलं ओलं मडकं जिभेनं चाटत होती! "आबा, ह्यात पाणी हाय," ती पुटपुटली.

येसूनं तिला उचललं, तसाच महाराजांकडे धावला आणि घडलं ते सांगितलं. शास्त्रीबुवा तिथंच बसले होते. पोरीच्या ओठांवरचा चिखल पाहून महाराजांचे डोळे भरून आले.

महाराज म्हणाले, "येसू, हिनं चाटलं त्याच मडक्यात पाणी भर आणि पाज हिला."

"म्हाराज, ते कच्चं हाय. पाणी पडताच बसंल खाली."

शास्त्रीबुवा खो खो हसले. "वा! गोसावीबुवांना ना वैद्यकी कळते, ना कुंभारकाम! येसू, एक घोट पाजलास तर सांजेपर्यंत पोर हातची गेली म्हणून समज!"

पण ती चिखलानं माखलेली जीभ येसूच्या डोळ्यांपुढून हलेना. सगळे त्याच्या घरी आले. त्यानं डोळे मिटून पाणी ओतलं.

डोळे उघडले, तर मडकं काठोकाठ भरून उभं! पाणी असं नितळ की तळ दिसावा. भागा किंचाळलीच.

ठमी घटाघटा प्यायली. दिवस मावळायच्या आत तिला दरदरून घाम फुटला, अंग निवलं. "आये, भूक लागली," ती म्हणाली.

शास्त्रीबुवांनी मडक्याला बोट लावलं. माती बोटाखाली दबली. अजून ओलीच होती! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझा लेक नारूसुद्धा तापात शेवटी पाणीच मागत होता, महाराज. मी दिलं नाही. मीच!" त्यांनी महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं.

महाराजांनी कितीतरी वेळ त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "उठा, बुवा. गावात आणखी दोन लेकरं तुमच्या शब्दाखातर तहानलेली आहेत."

शास्त्रीबुवांनी पुन्हा एकदा डोकं टेकलं, पाण्यासकट ते ओलं मडकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि अनवाणीच गावात धावत सुटले.