नवरीचा मामा कोण?

एका गावात टोपल्या विणणाऱ्या बुरडिणीच्या लेकीच्या लग्नाचा मुहूर्त हुकता हुकता राहिला. दोष ना भटजींचा, ना वऱ्हाडाचा. दोष गावच्या कारभाऱ्याचा, सगळाच्या सगळा.

या कारभाऱ्याला अख्खं गाव मामा म्हणायचं. सवय त्यानंच लावलेली. कुणाच्याही दारात उभा राहून ओरडायचा, "मामा आलाय, पान वाढा!" मोठ्यांना मान लागतो, काम नको असतं. बुरडिणीला तर भाऊच नव्हता, नवराही गेलेला. हा दर भाऊबीजेला तिच्याकडून ओवाळून घ्यायचा, दोन टोपल्या उचलायचा नि चालू पडायचा. लेकीला वाटायचं, चला, आपल्याला एक मामा तरी आहे.

लग्नाच्या दिवशी भोकाची वाटी पाण्यावर सोडली. ती भरून बुडाली की मुहूर्त. अंतरपाट धरला, वाटीत पाणी चढू लागलं, तसे भटजी ओरडले, "नवरीचे मामा! नवरीला आणा, लवकर!"

नवरी दाराआडून बघत होती. कारभारी पहिल्या रांगेत, शेजारगावच्या इनामदाराला खेटून बसलेला.

"तुम्ही हिचे मामा?" इनामदारानं विचारलं.

"छे हो!" कारभारी हसला. "बुरडाची पोर ती. म्हणतात आपले सगळेच. म्हणायला काय जातंय?"

नवरीनं ते ऐकलं. आईनंही ऐकलं.

"अहो मामा, वाटी बुडतेय!" मांडवात एकच गलका. वरबाप ताडकन उठला. "मामाच नाही? मग हे लग्न होणार नाही! चला रे!"

तेवढ्यात नवरीला हिरवा चुडा भरणारा कासार पेटी टाकून धावला. पण नवरीकडे नाही, आधी तिच्या आईकडे.

"ताई, मी तुझा भाऊ. चालेल? पटकन बोल!"

"चालेल रे दादा, चालेल!"

"मग चल गं भाची, पळ!"

काकणं खळखळली, पदर सुटला, नवरी पळत सुटली. पाटावर तिचा पाय पडला आणि वाटी गडप! "वाजवा रे वाजवा!" ताशे कडाडले, अक्षतांचा पाऊस पडला.

पंगती बसू लागल्या. कारभारी निर्लज्जासारखा पुढं आला. "काय भाची, मामाला विसरलीस होय?"

नवरीनं वाकून नमस्कार केला. "कारभारी, पाहुण्यांची पंगत तिकडं आहे."

सगळ्या गावानं ते ऐकलं. त्यानंतर मरेपर्यंत त्याला कुणीही मामा म्हटलं नाही.

तात्पर्य एवढंच: नुसतं म्हणवून घेऊन कुणी मामा होत नाही, आधी आईचा भाऊ व्हावं लागतं.