सोन्याच्या राजाचा नैवेद्य

एका राज्यात हेमकेतू नावाचा राजा होता, आणि त्याची हाव त्याच्या राज्याहून मोठी होती. विकटनाथ मांत्रिकाकडून त्याने स्वतःची सोन्याची मूर्ती करवून घेतली आणि दवंडी पिटवली, की आधी मूर्तीला नैवेद्य, मगच प्रजेचे जेवण. प्रजा आज्ञेबाहेर कधी नव्हतीच. शेतात शिरलेली गाय हाकलायलाही लोक दरबारात विचारून येत, तोवर गाय पोटभर चरून घरी गेलेली असे.

मूर्ती शापित होती. ती नैवेद्य खरोखरच खाऊ लागली, ताटे चाटूनपुसून परत करू लागली. लोक उपाशीपोटी धन्य झाले. दर घासाला मूर्ती वाढे आणि राजा घटे. पण सोने वाढते आहे म्हणून राजा खूश. होता होता तो पोळपाटावर मावेल एवढा झाला. राणी सुनेत्रेला रडू आवरेना. कसाही असला तरी नवरा तिचा होता, आणि तो आता दिसेनासा होणार होता.

तिने महालावरच्या साळुंकीला उपाय विचारला. साळुंकी म्हणाली, "न विचारता पेरलेले धान्य आण. न विचारता भरलेले पाणी आण. त्यांची भाकरी राजाने हात पसरून मागावी."

राणीने राज्य पालथे घातले, पण जो तो राजाची परवानगी दाखवी. शेवटी तिनेच परसात नाचणी पेरली. राणीला शेतीतले काही कळत नाही, हे नाचणीलाही कळले. दया येऊन तिने संध्याकाळपर्यंत कणसे धरली. मग राणीने विहिरीवर घागर भरली आणि वेडीवाकडी भाकरी थापली.

राजा म्हणाला, "राजा मागत नसतो. आज्ञा करतो."

"मग करा."

राजाने आज्ञा केली. भाकरी जागची हलली नाही. बाहेर मूर्तीचे डोके महालाच्या कळसाला टेकले, आणि राजा तांदळाच्या दाण्याएवढा उरला. राणीने घाबरून कान खाली नेला.

"सुनेत्रे, भूक लागली गं. थोडी देशील?"

तिने कण भरवला. मूर्तीने ढेकर दिला आणि ती फुटली. सोने वर्खाएवढे पातळ. आत नुसता आंबलेला भात, त्याच्याखाली इतके दिवस आत लपून बसलेला विकटनाथ.

राजा पूर्ववत झाला. लोक भरली ताटे घेऊन धावत आले आणि आता नैवेद्य कोणाला, असे विचारू लागले.

"कोणालाच नको," राजा भरल्या तोंडाने म्हणाला. "भूक लागली की जेवा. मला विचारू नका."

"ही आज्ञा समजायची का महाराज?"

राजाने कपाळावर हात मारला. राणीने उरलेली भाकरी मोडली आणि ती तिथेच पायरीवर जेवायला बसली. तिच्याकडे बघत एका म्हातारीने भीतभीत पहिला घास घेतला, आणि मग सारे राज्य जेवले.