नावाड्याचे पंख

फार पूर्वी, पाखरे माणसांशी बोलत असत तेव्हा, एका खाडीकाठी एक नावाडी राहत होता.

त्याची मान कायम वर. आभाळात घारी गिरक्या घेत आणि पंख न हलवता वर वर जात. ते पाहताना त्याच्या हातातला घास हातातच राही.

"अहो, भात गार झाला," बायको म्हणे. "की घारीनेच येऊन भरवायचा?"

तो हसे. पण ओढ काही जाईना. केस पिकले, गुडघे दुखू लागले. मग एके दिवशी त्याने नावेचे शीड उतरवले आणि बांबूवर ताणून त्याचे पंख केले.

शीड फाटले तर नाव बंद, म्हणजे चूलही बंद. बायकोने शिडावरून हात फिरवला. शेवटी म्हणाली, "दोनदाच हं. मग शीड परत नावेवर."

नावाडी जन्मभर एकच शिकला होता. वारा पाठीशी आला की शीड सोडायचे. म्हणून बायकोसोबत टेकडीवर जाऊन त्याने वाऱ्याकडे पाठ केली आणि तो धावत सुटला. वाऱ्याने मागून त्याला असे ढकलले की तो तोंडावर आपटला.

जवळच्या खडकावर एक म्हातारी घार बसली होती. "काय रे नावाड्या, आम्हाला कधी पाहिलंस तरी का?"

"जन्मभर पाहतोय, बाई."

"पंख पाहिलेस. उडताना आम्ही तोंड कुणीकडे करतो, ते पाहिलंस?"

घारीने समोरच्या वाऱ्याकडे तोंड केले आणि पंख नुसते पसरले. वाऱ्यानेच तिला अलगद उचलले.

याच समोरच्या वाऱ्याला शिव्या देत नावाड्याने कितीतरी दिवस काठावर बसून काढले होते. आता तो त्याच्याकडे तोंड करून उभा राहिला. बायकोने त्याच्या धोतराचा सोगा घट्ट धरला होता. तिने डोळे मिटले आणि सोगा सोडला.

नावाडी धावला. पाय जमिनीवरून सुटले. क्षणभर खाली खाडी चमकली, आपली नाव पानाएवढी दिसली. मग तो हळूच वाळूत उतरला.

बायको धापा टाकत आली. "लागलं का हो? कसं होतं?"

"थोडंच होतं गं, पण उडालो," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी शीड पुन्हा नावेवर चढले. नावाडी म्हातारपणी सुखाने वर पाहत राहिला.

मुलांनो, नुसती ओढ पुरत नाही. ज्याची ओढ लागली, त्याची रीत शिकावी लागते.